केदारकंठ्याच्या थंडीत पाठीखाली काय घालावं?

कोपरखैरण्याच्या एका ट्रेकरने विचारलं आहे: "जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जातोय. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर तंबूत झोपलो होतो. उणे पाचची स्लीपिंग बॅग होती, आत थर्मल होतं, तरी पहाटे पाठ आणि कंबर अशी गार पडली की झोपच लागली नाही. खाली फुगवायची साधी मॅट होती, चांगली तीन इंच जाड. आता उणे पंधराची बॅग घेऊ की आणखी जाड मॅट? वजन सातशे ग्रॅमच्या आत हवं, बजेट आठ-नऊ हजार. मी कुशीवर झोपतो. आणि तीच मॅट सह्याद्रीतही चालायला हवी."

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. पाठ आणि कंबर गार पडली म्हणता. छाती, पोट, खांदे यांच्याबद्दल तक्रार नाही. बॅग कमी पडली असती तर वरूनही हुडहुडी भरली असती. तुमची बॅग तिचं काम करत होती. थंडी खालून आली, आणि खालून येणारी थंडी बॅग थांबवू शकत नाही, मग ती उणे पंधराची असो की उणे तीसची.

बॅगेतली ऊब ही तिच्या भरावात अडकलेल्या हवेची असते. डाऊन (पक्ष्यांची मऊ पिसं) असो की सिंथेटिक, भराव फुललेला असेल तोवरच तो कामाचा. घरच्या कापसाच्या गादीसारखंच आहे हे: नुकती पिंजून आणलेली गादी आणि चार वर्षं पिंजलीच नाही ती, कापूस दोन्हीत तेवढाच, ऊब मात्र निराळी. तुम्ही बॅगेत झोपलात की अंगाखालचा भराव तुमच्याच वजनाने चेपून पापडाएवढा होतो. त्यामुळे बॅगेची खालची बाजू थंडीच्या हिशोबात जवळपास धरायचीच नाही. तिथे तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये जे काही आहे, ते फक्त मॅटचं.

आता तुमच्या तीन इंची मॅटचं बघू. आत मोकळी हवा असेल तर जाडी फारशी कामाला येत नाही. तुम्ही कूस बदलली की आतली हवा ढवळली जाते, कडेच्या गार भागात जाऊन पुन्हा पाठीखाली येते. शिवाय वरच्या कापडातली उष्णता प्रारणाने खालच्या कापडाकडे जातच असते, तिला मध्ये अडवणारं काही नसतं. म्हणजे मऊपणा मिळाला, ऊब नाही मिळाली. इन्सुलेटेड मॅटमध्ये या मोकळ्या पोकळीचीच सोय लावलेली असते. काही कंपन्या आत सिंथेटिक तंतूंचा पातळ थर किंवा डाऊन भरतात, म्हणजे हवा हलत नाही. काही जण आत चकचकीत पत्र्यासारख्या फिल्मचे पडदे लावतात. ते पोकळीचे लहान कप्पे करतात आणि उष्णता परत वर फेकतात. बाहेरून साधी आणि इन्सुलेटेड अशा दोन्ही मॅट सारख्याच दिसतात, हातात धरल्या तर वजनातही फार फरक लागत नाही. म्हणून दुकानात दाबून बघून काहीही कळत नाही.

जाता जाता एक. स्वस्त फोमच्या मॅटला एका बाजूने चंदेरी कागद चिकटवलेला असतो आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो की यानेच गरम राहतं. चंदेरी पृष्ठभाग उष्णता परतवतो हे खरं, पण त्याच्यासमोर हवेची फट असेल तर. तो थेट जमिनीला किंवा थेट तुमच्या बॅगेला टेकला की उष्णता स्पर्शातूनच निघून जाते. त्या कागदासाठी शंभर रुपयेही जास्त देऊ नका.

मग बघायचं काय? आर-व्हॅल्यू. उष्णता जायला मॅट किती विरोध करते त्याचा हा आकडा. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, त्यामुळे एकीचा ४ आणि दुसरीचा ४ यांत ताळमेळ नसायचा. २०१८ साली एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ३३४० हे प्रमाण आलं आणि २०२० पासून मोठ्या कंपन्या त्याच पद्धतीने मोजलेला आकडा छापू लागल्या. पद्धत साधी आहे: मॅट एका गरम आणि एका थंड प्लेटच्या मध्ये ठेवायची आणि गरम प्लेट ठरावीक तापमानाला टिकवायला किती ऊर्जा लागते ते मोजायचं. ऊर्जा कमी लागली तर मॅट चांगली.

जाडी आणि ऊब यांचं नातं किती सैल आहे ते या आकड्यांतून दिसतं. थर्म-अ-रेस्टची घडीची फोम मॅट, झी लाइट सोल, जेमतेम २ सेंटिमीटर जाड, वजन ४१० ग्रॅमच्या आसपास, आर-व्हॅल्यू २. त्याच कंपनीची एक्सथर्म एनएक्सटी ही फुगवायची मॅट साडेसात सेंटिमीटर जाड, वजन साधारण ४४० ग्रॅम, आर-व्हॅल्यू ७.३. आणि तेवढ्याच जाडीची, आत काहीही नसलेली मॅट एकाच्या आसपास घुटमळते. म्हणजे तुमची तीन इंची मॅट ऊब देण्यात दोन सेंटिमीटरच्या फोमपेक्षाही मागे असण्याची शक्यता बरीच आहे. तुमच्या शेजारच्या तंबूतला फोमच्या कॅरीमॅटवाला घोरत होता की नाही, आठवून बघा.

पाकिटावर आर-व्हॅल्यू नसेल आणि नुसतंच 'उणे दहा अंशांपर्यंत उपयुक्त' असं लिहिलं असेल, तर ते वाचून सोडून द्यावं. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच बिननावाच्या मॅटवर असंच लिहिलेलं असतं.

स्लीपिंग बॅगेच्या आकड्याबद्दलही थोडं, कारण उणे पंधराचा विचार अजून तुमच्या डोक्यात असणार. आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बॅग तपासतात तेव्हा प्रयोगशाळेतला पुतळा चांगल्या इन्सुलेटेड मॅटवर झोपवलेला असतो. बॅगेवरचा आकडा हा 'खाली चांगली मॅट आहे' असं गृहीत धरून दिलेला आकडा आहे. ती अटच मोडली तर आकड्याला अर्थ उरत नाही. आणि तुमच्या बॅगेवरचं उणे पाच हे कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान) आहे, लिमिट (अंग आखडून कशीबशी झोप लागेल ते) आहे की एक्स्ट्रीम, हे लेबलवर बघा. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचण्यापुरतं. त्या आकड्यावर झोपेचा हिशोब करू नका.

आता किती आर-व्हॅल्यू लागेल. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. सह्याद्रीत, अगदी कळसूबाईच्या १६४६ मीटरवर किंवा हरिश्चंद्रगडावर सुद्धा, हिवाळ्यातल्या नेहमीच्या रात्रीला २ ते ३ पुरते. कोकणकड्याजवळ उघड्या कातळावर तंबू असेल तर ३ च्या बाजूला राहावं. कातळ पहाटेपर्यंत पुरता गार होतो आणि अंगातली उष्णता मातीपेक्षा जोमाने ओढतो. केदारकंठ्याचं गणित वेगळं. वाटेतला जुडा का तालाबचा कॅम्प ९ हजार फुटांच्या थोडं वर, त्याच्या पुढचा बेस कॅम्प ११ हजारांच्या वर, जानेवारीत दोन्हीकडे बर्फ असायची शक्यता मोठी, आणि रात्री पारा शून्याखाली पाच-दहा अंश जातो, वाईट रात्री त्याहूनही खाली. बर्फावर झोपायचं तर मी ५ च्या खाली उतरत नाही. तुम्हाला मुळातच थंडी जास्त वाजत असेल, जेवण कमी जात असेल किंवा अंगकाठी बारीक असेल, तर अजून एक वाढवा. याउलट, घरी डिसेंबरातही पंखा लावून झोपणारे काही जण साडेचारवर सुखाने झोपतात, तेही मी बघितलेत.

बर्फावर कमी आर-व्हॅल्यूची मॅट असली की आणखी एक भानगड होते. तुमच्या अंगाच्या उष्णतेने खालचा बर्फ हळूहळू वितळतो, तंबूच्या तळाखाली तुमच्या आकाराचा खळगा पडतो आणि पहाटे तिथे पाणी किंवा गोठलेला बर्फ सापडतो. खालचं पाणी मग तळातून वर येतं का, हे तंबू किती जुना आहे त्यावर.

तर ५ आर-व्हॅल्यू आठ-नऊ हजारांत, सातशे ग्रॅमच्या आत, एकाच मॅटमध्ये. शोधलंत तर कदाचित सवलतीत एखादी मिळेलही. पण मी तसं करणार नाही. ज्या मॅट खरोखर हलक्या आणि खरोखर उबदार आहेत, त्या आपल्याकडे येईपर्यंत वीस हजारांच्या घरात जातात. वर्षातून एका बर्फाच्या ट्रेकसाठी तेवढे पैसे घालणं मला पटत नाही. शिवाय सगळी ऊब एका फुगवलेल्या पिशवीवर टाकायची आणि रात्री तिला भोक पडलं तर बर्फावर काहीच उरत नाही.

आर-व्हॅल्यूची गंमत अशी की ती बेरजेने वाढते. एकावर एक दोन मॅट टाकल्या की आकडे सरळ मिळवायचे. म्हणून माझा सल्ला असा: ३ ते साडेतीन आर-व्हॅल्यूची इन्सुलेटेड फुगवायची मॅट घ्या, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपासची, आणि तिच्याखाली २ ची फोम मॅट टाका. झाले ५ ते साडेपाच. सह्याद्रीत यातली एकच न्यायची. पावसाळ्यानंतरच्या रात्रींना फोम, डिसेंबर-जानेवारीत फुगवायची.

यावर तुम्ही म्हणाल की वजन नऊशेच्या पुढे गेलं. बरोबर. पण केदारकंठा तुम्ही कसा करताय? सांक्रीहून, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावाहून, जाणाऱ्या संस्थांबरोबर जात असाल तर तंबू, स्लीपिंग बॅग आणि फोम मॅट सहसा कॅम्पवर त्यांचीच असते. मग तुमच्या सॅकमध्ये फक्त फुगवायची मॅट, आणि वजन तुमच्या मर्यादेत. आपलं आपणच सगळं नेणार असाल, तर फोम मॅट कापा. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुरेल असा १२० सेंटिमीटरचा तुकडा ठेवला की ४१० ग्रॅमचे २७० होतात. पायाखाली रिकामी सॅक आणि दोरी-बिरी टाका; पायांवर वजन कमी येतं, तिथे बॅगेचा भरावही कमी चेपतो. फोम कापायला लोकांचा जीव होत नाही, पण कापलेली फोम तितकीच कामाची असते.

फोम खाली ठेवायची की वर? बेरीज तीच राहते, त्यामुळे उबेला फार फरक पडत नाही. मी खालीच ठेवतो, कारण आपल्या डोंगरात फुगवायच्या मॅटचा खरा शत्रू काटे आणि कारवीचे खुंट. कारवी कापलेल्या जागेवर तंबू लावला की बोटभर उंचीचे तिरके, टोकदार खुंट गवतात दडलेले असतात. तंबू अंथरण्याआधी तळहाताने सगळी जागा चाचपून बघा, टॉर्चच्या उजेडात ते दिसत नाहीत. फोम खाली असली तर एखादा चुकलेला खुंट तिच्यात रुततो. वर ठेवली तर घसरगुंडी कमी होते, एवढंच तिच्या बाजूने.

फोम कुठली, हा पुढचा प्रश्न येणारच. ट्रेकिंगच्या दुकानातली एक्सएलपीईची, म्हणजे घट्ट, न चेपणाऱ्या प्लास्टिक फोमची घ्या. वागळे इस्टेटला किंवा तुर्भ्याला पॅकेजिंगचा माल विकणारे जी पांढरी ईपीई शीट देतात, तीही ऊब देते, आणि फार स्वस्त पडते, पण दोन-चार रात्रींत चेपते आणि कडेने फाटत जाते. एका ट्रेकपुरती हवी असेल तर चालेल. योगा मॅट नको. ती पातळ असते आणि वजनाला जड.

कुशीवर झोपण्याबद्दल. कुशीवर तुमचं वजन खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी एकवटतं. मॅट तिथे पूर्ण दबून खाली टेकली तर त्या जागेची आर-व्हॅल्यू संपली. म्हणून कुशीवाल्यांनी सेल्फ-इन्फ्लेटिंग (आत फोम असलेल्या, झडप उघडली की आपोआप फुगणाऱ्या) मॅटच्या पातळ जातींपासून लांब राहावं, आणि फुगवायची मॅट सात सेंटिमीटरच्या आसपास जाड घ्यावी. इथे जाडीचा उपयोग आहे, फक्त तो हाडांसाठी आहे. मॅट दगडासारखी टणक फुगवू नका. झोपून हवा थोडी थोडी सोडत जा. खुबा जमिनीला टेकायच्या जरा आधी झडप बंद करा. सेल्फ-इन्फ्लेटिंगच्या जाड जाती छानच असतात, पण किलोच्या पुढे जातात. भंडारदऱ्याला गाडीने जाऊन तंबू ठोकणार असाल तर त्या घ्या, पाठीवर नेऊ नका.

रुंदीचा मोह होईल. ५१ सेंटिमीटरची मॅट कुशीवाल्याला अरुंद वाटते, हात बाहेर पडतो. ६४ सेंटिमीटरची घेण्याआधी तंबूचं माप विचारा. संस्थेच्या तंबूत तीन जण असतील तर तीन रुंद मॅट म्हणजे १९२ सेंटिमीटर. बऱ्याच तिघांच्या तंबूंची रुंदी १८० च्या आसपास असते. मग कोणीतरी तंबूच्या कापडाला चिकटून झोपतो, आणि पहाटे कापडावर जमलेलं दव नाहीतर हिम त्याच्या बॅगेवर येतं. चकचकीत फिल्मवाल्या काही मॅट प्रत्येक हालचालीला वेफर्सच्या पाकिटासारख्या चुरचुरतात, हेही तुमच्या तंबूसोबत्यांच्या वतीने सांगून ठेवतो.

बर्फात फुगवायची मॅट वापरताना पहिल्या रात्री हमखास एक गैरसमज होतो. संध्याकाळी तोंडाने टम्म फुगवलेली मॅट जेवून येईपर्यंत मऊ पडलेली असते, आणि माणूस टॉर्च घेऊन भोक शोधत बसतो. बहुतेक वेळा भोक नसतंच. तुमचा श्वास तीस अंशांच्या पुढे असतो. तीच हवा शून्याला आली की तिचं आकारमान जवळपास दहा टक्क्यांनी घटतं. फुगवून पंधरा-वीस मिनिटं थांबा, हवा गार होऊ द्या, मग वरून थोडी भरा. शक्यतो तोंडाने फुगवूच नका. मॅटबरोबर येणारी पंप सॅक, म्हणजे हवा भरायची पिशवी, वापरा, नसेल तर विकत घ्या. श्वासातली ओल आत जाते, बर्फात ती गोठते आणि परत आल्यावर आपल्या दमट हवेत आतून बुरशी धरते. त्यात ११ हजार फुटांवर दहा-पंधरा मोठे फुंकर मारून डोकं गरगरतं, ते वेगळंच.

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांसाठी खरी परीक्षा बर्फापेक्षा पावसाळ्यात आहे. या मॅटचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, आणि उष्मा व दमटपणात ते सुटू लागतात. मग मॅट फुगवली की मध्येच एखादा टेंगूळ येतो, तो दुरुस्त होत नाही. माळ्यावर, पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत मॅट ठेवू नका. ट्रेकवरून आलात की फुगवून पंख्याखाली एक दिवस वाळवा, मग झडप उघडी ठेवून पलंगाखाली सपाट सरकवा. गुंडाळी करून पिशवीत कोंबून चार महिने ठेवणं टाळा.

घेतल्यावर लगेच घरी तपासा, परत करण्याची मुदत संपायच्या आत. संध्याकाळी फुगवा, तासाभराने हवा पूर्ण करा, वर दोन-तीन जड पुस्तकं किंवा तांदळाची पिशवी ठेवा, आणि खोलीचं तापमान फार बदलू न देता सकाळी बघा. मऊ पडली असेल तर साबणाचं पाणी झडपेला आणि शिवणींना लावा, बुडबुडे कुठे येतात ते कळतं. झडपेतून गळत असेल तर ती मॅट ठेवूच नका, बदलून घ्या. ऊब जोखायची असेल तर एसी अठरावर लावून उघड्या फरशीवर जुनी मॅट आणि नवी मॅट शेजारी शेजारी टाका, पातळ शर्टात एकेकीवर अर्धा-अर्धा तास उताणे पडा. फरशी काही बर्फ नव्हे, पण तुमच्या जुन्या मॅटचं बिंग तिथेही फुटेल.

जुन्या पद्धतीबद्दल कोणीतरी विचारेलच म्हणून: पाचनईसारख्या गावात कुणाच्या पडवीत झोपायची वेळ आली आणि त्यांनी खाली भाताचा पेंढा किंवा घोंगडी घातली, तर फुगवायची मॅट सॅकमध्येच राहू द्या. पेंढ्यात हवा अडकते आणि लोकर दबली तरी बरीच ऊब धरून ठेवते. घोंगडी दोन-तीन किलोची असते म्हणून ती आपण वर चढवत नाही, एवढंच.

थोडक्यात तुमच्यापुरतं: बॅग आहे ती ठेवा, मात्र लेबलवरचा आकडा केदारकंठ्याच्या रात्रीला पुरत नसेल तर तिथे संस्थेची बॅग वापरा. एएसटीएमची आर-व्हॅल्यू ३ ते साडेतीन छापलेली, सात सेंटिमीटरच्या आसपास जाडीची, ५१ सेंटिमीटर रुंद इन्सुलेटेड मॅट घ्या. ती तुमच्या बजेटमध्ये बसायला हवी. उरलेल्या पैशांत पंप सॅक आणि पॅच किट. खाली फोम.

आणि पैसे भरण्याआधी संस्थेला फोन करून तीन गोष्टी विचारा: माणशी एक फोम मॅट मिळते की तंबूभर एकच चटई अंथरलेली असते, तिची जाडी किती, आणि तंबूत दोघे की तिघे. 'सगळं मिळतं सर, काळजी करू नका' हे उत्तर आलं तर व्हॉट्सॲपवर मॅटचा फोटो मागवा. फोटोत मॅट बोटाच्या पेरापेक्षा पातळ दिसली तर १२० सेंटिमीटरचा आपला तुकडा सॅकच्या बाहेर बांधून न्या. सांक्रीत भाड्यानेही सामान मिळतं, पण गर्दीच्या दिवसांत चांगल्या मॅट आधी उचलल्या जातात, त्यामुळे त्यावर विसंबून इथून रिकाम्या हाताने निघू नका.